हातपाय धड आहेत, मग मदतनीसाचे तास कशाला?

‘आई चालते, जेवते, हातपाय धड आहेत. विमा कंपनीने घरी मदतनीस ठेवायला रोजचे दोनच तास मंजूर केले. आम्ही आठ मागितले होते. आम्ही जास्त मागतोय का?’ स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या घरचा हा नेहमीचा प्रश्न. इथे दिलंय ते एका मुलीचं प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पत्रात कारण एका ओळीत होतं: ‘दैनंदिन कामं स्वतः करू शकतात.’ मुलीला सांगितलं, फोनवर वाद घालू नका. आईला किती मदत लागते याच्या ज्या मूल्यांकनावर निर्णय झाला, त्या फॉर्मची प्रत लेखी मागा. प्रत आली. अंघोळ, कपडे, शौचालय, उठबस, मलमूत्रावरचा ताबा, जेवण अशा सहाही रकान्यांत ‘स्वतः’वर खूण.

खूण खोटी नव्हती, अपुरी होती. मूल्यांकन सकाळी अकरा वाजता झालं. मुलीनेच आईला अंघोळ घालून, केस विंचरून बसवलेलं. ‘अंघोळीला मदत लागते का?’ विचारल्यावर आई म्हणाली, ‘इश्श, मी काय लहान आहे?’ आईचा पाणउतारा नको म्हणून मुलगी गप्प बसली. परक्या माणसासमोर तासभर उसनं अवसान आणणं या आजारात अगदी नेहमीचं. म्हणून घरच्यांनी मूल्यांकन करणाऱ्यांशी वेगळ्या खोलीत बोलावं, किंवा आधीच लेखी टिपण हातात द्यावं. आईला प्रश्न विचारण्याऐवजी करून दाखवायला सांगा, अशी विनंतीही करता येते. ‘कपडे स्वतः घालता का?’ याला उत्तर मिळतं. ‘हा ब्लाऊज घालून दाखवा’ म्हटलं की खरं चित्र दिसतं.

मग निर्णयाविरुद्धच्या अपिलासाठी चौदा दिवसांची नोंदवही. पहिल्या पानांवर मुलीने लिहिलं होतं, ‘अंघोळीला मदत केली.’ याचा उपयोग शून्य. पुन्हा लिहिलं ते असं: ‘नळ सोडून उभी राहिली. पाणी कढत आहे हे कळलं नाही, मी नळ फिरवला. साबण लावला, पण धुवायचं विसरून टॉवेल घेतला. तीनदा सांगावं लागलं. ओल्या अंगावर कालचेच कपडे चढवत होती. 35 मिनिटं.’ हात आईचेच, पण पुढची पायरी प्रत्येक वेळी दुसऱ्याने सांगायची. पॉलिसीत ‘सूचना देणं’, ‘देखरेख’ हे मदतीत धरलंय का, ते कलम शोधा. बऱ्याच दीर्घकालीन देखभाल पॉलिसींत (रोजच्या मदतीचा खर्च देणारा विमा) गंभीर बौद्धिक ऱ्हास हा शारीरिक असमर्थतेपेक्षा वेगळा, स्वतंत्र निकष असतो, आणि अर्ज मात्र फक्त शारीरिक निकषावर तपासला गेलेला असतो.

यानंतर हिशेब. शौचालय 7 वेळा, दर वेळी 12 मिनिटं, म्हणजे 84. अंघोळ आणि कपडे 60. तीन जेवणं, दर वेळी 35, म्हणजे 105. औषधं 20. एकूण 269 मिनिटं, साडेचार तासांना एक मिनिट कमी. मग आठ कशाला? कारण ही मिनिटं सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत विखुरलेली आहेत, आणि शौचालयाची वेळ ठरवून येत नाही. बारा मिनिटांसाठी मदतनीस येऊन परत जाऊ शकत नाही. अपिलातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता. नुसता ‘आठ तास हवेत’ असा गोल आकडा टाकला की तो सहज कापला जातो.

डॉक्टरांचं पहिलं पत्रही असंच कच्चं होतं: ‘चोवीस तास लक्ष ठेवण्याची गरज.’ त्यावर ‘नुसती राखण पॉलिसीत येत नाही’ असं उत्तर ठरलेलं. नव्या पत्रात निदानासोबत एकटी असताना काय बिघडतं ते आलं: गॅस सुरू राहतो, औषध दोनदा घेतलं जातं, संध्याकाळी अस्वस्थपणा वाढून दार उघडलं जातं. कंपनीने दाराला अलार्म सुचवला होता. अलार्म वाजतो, पण आईला परत घरात आणायला माणूसच लागतो.

‘घरात मुलगी आहे’ असंही कंपनीचं म्हणणं होतं. मुलगी नोकरी करते, रात्री आईसोबत दोनदा उठते. ती नेमकी कोणत्या वेळी हजर असते तेवढंच लिहून दिलं. इथे भिडेखातर ‘आम्ही बघतो ना’ म्हणू नये.

अपिलाची मुदत निर्णयाचं पत्र मिळाल्याच्या तारखेपासून असते की पत्रावरच्या, हे आधी पाहा. चालू तास कमी केले असतील तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत जुने तास चालू राहतात का तेही विचारा. त्यासाठीची मुदत वेगळी, बरेचदा फारच छोटी असते.

फेरविचारात सहा तास मिळाले, सकाळ-संध्याकाळ विभागून. रात्रीचा प्रश्न सुटला नाही. पुढच्या मूल्यांकनासाठी मुलीने रात्रीच्या उठण्याच्या वेळा वेगळ्या पानावर टिपायला घेतल्या आहेत.