दारातला निरोप

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची असून तीन आठवड्यांनी तिची बालवाडी सुरू होईल. मी नोकरी करत असल्याने ती आजवर आजीजवळच राहिली आहे. तिचे बाबा रोज संध्याकाळी तिच्याकडून अक्षरे गिरवून घेतात, सासूबाई ‘इतक्यात कशाला?’ म्हणून डोळे पुसतात, आणि ती खेळात रमली की गुपचूप निघून यावे, असे सगळे सुचवतात. माझाही जीव थाऱ्यावर नाही. तयारी कशी करावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार. सर्वांत आधी एक विनंती करते : गुपचूप निघून येऊ नका. त्या दिवसापुरते रडे टळेल, पण मान वळवली आणि आई नाहीशी झाली, हे एकदा अनुभवलेले मूल दुसऱ्या दिवशी खेळायला बसतच नाही. त्याचा एक डोळा दाराकडे लागलेला राहतो. निरोप समोरासमोर घ्यावा, रोज एकसारखा आणि अगदी छोटा : एक पापा, एक वाक्य, आणि निघावे. घड्याळातली वेळ तिला कळणार नाही. “खाऊ खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की आजी दारात उभी असेल,” हे कळेल. मुद्दामच आजी म्हटले. पोहोचवायला तुम्ही जा आणि आणायला सासूबाईंना जाऊ द्या, कारण ज्या माणसाला सोडणे तिला सर्वांत जड जाते, तेच माणूस परत भेटणार आहे, याचा तिला आधार वाटेल आणि आपली गरज संपली, हे सासूबाईंच्या मनातले शल्यही कमी होईल.

याची तालीम आजपासून सुरू करता येईल. ओळखीच्या घरी तिला आधी अर्धा तास, मग तासभर ठेवा, आणि सांगितल्या वेळी न चुकता परत या. ‘गेलेले माणूस परत येते’ हा विश्वास समजावून सांगून येत नाही, तो पुन्हापुन्हा अनुभवावा लागतो.

अक्षरांची घाई मात्र थांबवावी, असे तिच्या बाबांना माझ्या वतीने सांगा. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८४० साली आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले, तेव्हा तिथे खेळ, गाणी, लाकडी ठोकळे आणि बागकाम यांनाच महत्त्व होते. त्या संध्याकाळच्या वेळात बाबांनी तिला डब्याचे झाकण उघडायला, चपला घालायला आणि चड्डी स्वतः खालीवर करायला शिकवावे. माझ्या मुलाने पहिले तीन दिवस डबा जसाच्या तसा परत आणला होता. शाळेत कोणी लक्ष देत नाही, म्हणून मी रागावले; चौथ्या दिवशी त्याला माझ्यासमोर तो उघडायला सांगितला, तेव्हा त्याची बोटे त्या घट्ट झाकणावरून नुसती घसरत होती. शू लागल्याचे परक्या माणसाला सांगणे हे तर अनेक मुलांना आईला सोडण्याइतकेच अवघड जाते. म्हणून घरात वापरता तो शब्द शिक्षिकांना आधीच सांगा, आणि शक्य असल्यास तिथले स्वच्छतागृह तिला एकदा दाखवून आणा.

या वयात दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते, तेव्हा झोपण्याची आणि उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटे अलीकडे आणत जा.

शाळेत शहाण्यासारखी वागलेली मुलगी घरी येताच क्षुल्लक कारणावरून रडू लागली, तर घाबरू नका. दिवसभर आवरून धरलेले आपल्या माणसांजवळच मोकळे होते. लगेच ‘आज काय शिकलीस?’ असे विचारू नये, थोडा वेळ नुसते जवळ घ्यावे. काही आठवड्यांनंतरही रडे कमी झाले नाही, किंवा खाणे आणि झोप बिघडली, तर शिक्षिकांशी आणि गरज वाटल्यास बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि तुमचा स्वतःचा जीव? तो थाऱ्यावर नसणे अगदी साहजिक आहे. फक्त दारात पाऊल घोटाळू देऊ नका. तुम्ही तिसऱ्यांदा मागे वळून पाहिलेत, तर इथे काहीतरी भिण्यासारखे असावे, असे तिला वाटेल. कोपरा ओलांडल्यावर खुशाल रडा.