कोटाच्या आतले कबुतर

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. गेली नऊ वर्षे शाळांची स्नेहसंमेलने आणि गणेशोत्सव मंडळे यांत दोरी, रुमाल व पत्ते यांच्या जादूचे प्रयोग करतो. बोलण्यापेक्षा हाताचे काम अधिक असल्याने मराठी आणि कन्नड अशा दोन्ही शाळांतून बोलावणे येते. निपाणीकडचे एक ज्येष्ठ जादूगार आता प्रयोग थांबवीत असून त्यांचे साहित्य, दोन पांढरी कबुतरे आणि एक ससा मला विकत देऊ इच्छितात. प्रयोगाच्या आदल्या रात्रीपासून प्राण्यांना काही खायला घालू नये, म्हणजे रंगमंचावर घाण होत नाही, असे त्यांनी बजावले आहे. येत्या उन्हाळ्यात अथणीकडील एका यात्रेत तिकीट लावून प्रयोग करण्याचेही घाटत आहे. हे कायद्यात बसते का, आणि या प्राण्यांना खरोखरच त्रास होतो का?

उत्तर : तिकिटाचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तिकीट विकून होणाऱ्या करमणुकीत प्राण्याचे प्रदर्शन करावयाचे असेल, किंवा त्यासाठी त्याला शिकवावयाचे असेल, तर आधी नोंदणी करून घ्यावी लागते. नोंदणीवाचून प्रयोग केल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा केंद्राचा असल्याने सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा नियम, अशी आपल्या भागातील नेहमीची अडचण येथे येत नाही. शाळेतील विनातिकीट प्रयोग या व्याख्येत येत नसला, तरी प्राण्याला विनाकारण यातना देणे किंवा त्याला हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हा सर्वत्र गुन्हाच आहे. त्याच्या पहिल्या वेळच्या दंडाची कमाल मर्यादा मात्र अजूनही पन्नास रुपये आहे, आणि तेवढ्यात बेळगावात पावशेर कुंदाही मिळत नाही; तेव्हा केवळ दंडाच्या धाकाने कोणी सुधारेल, असे मला वाटत नाही.

उपाशी ठेवण्याचा सल्ला कृपया पाळू नये. प्रयोगासाठी प्राण्याचे अन्नपाणी तोडण्यास २००१च्या नोंदणी नियमांनी स्पष्ट मनाई केली आहे, आणि सशाच्या बाबतीत तो सल्ला जिवावर बेतू शकतो. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. वाळलेले गवत पोटात जाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, वायू साचतो आणि ससा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. टोपीतून कान धरून ससा उचलण्याचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे, पण तसे उचलणे सर्वथा चुकीचे. त्याची हाडे हलकी असतात आणि मागच्या पायांत विलक्षण जोर असतो, त्यामुळे आधार नसताना त्याने झाडलेली एक लाथ त्याच्याच कमरेचा मणका मोडू शकते. उताणा केल्यावर ससा ‘संमोहित’ होतो, असे काही जादूगार प्रेक्षकांना सांगतात. प्रत्यक्षात तो भीतीने थिजलेला असतो.

आता कबुतरांविषयी. रंगमंचावरचे ‘पांढरे कबुतर’ बहुधा पाळीव होल्याची पांढरी जात असते. कोणाचेही कसब येथे उघड करणार नाही, परंतु पक्षी कोठून तरी निघतो म्हणजे त्याआधी तो कोठे तरी बसलेला असतो, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलते तेव्हाच त्यांच्या शरीरात हवा आत-बाहेर होते, आणि म्हणून कापडात छाती आवळली गेली तर नाकपुड्या मोकळ्या असूनही पक्षी गुदमरतो. शिवाय त्याला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकत अंग थंड करतो. बेळगाव शहराच्या हवेत जे निभावेल ते मे महिन्यात अथणीला, जाड कोटाच्या आत, दिव्यांच्या झोतात निभावणार नाही.

प्रेक्षकांची शंकाही काही नवी नाही. हातातील पिंजरा पक्ष्यासह क्षणात नाहीसा करण्याच्या प्रयोगात दर वेळी पक्षी मरतो, असा आरोप झाल्यावर १९२१ साली कार्ल हर्ट्झ या जादूगाराने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तो प्रयोग करून पक्षी जिवंत असल्याचे दाखविले होते. मला ते उत्तर अपुरे वाटते. पक्षी शेवटी जिवंत निघाला, एवढ्यावरून मधल्या वेळात त्याचे काय झाले हे कळत नाही.

माझे मत असे की ससा घेऊ नये. त्याच्यावाचून आपला कोणताही प्रयोग अडत नाही. होले घ्यावयाचे असल्यास घरी त्यांना उडता येईल एवढी जाळीची खोली आणि पुढील दहा-बारा वर्षे सांभाळण्याची तयारी हवी, कारण त्यांचे आयुष्य तेवढे असते. प्रयोगात त्यांना लपवून न ठेवता उघड्या पिंजऱ्यातून हातावर घ्यावे. लपवाछपवीसाठी स्प्रिंग आणि पिसांचे खोटे कबुतर मिळते, आणि दहा फुटांवरून पोरांना फरक कळत नाही. पोपटाचा मात्र विचारही करू नये. आपल्याकडचा रानपोपट पाळणे हाच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : हिंडलग्यात मुलीच्या वाढदिवसाला आलेल्या जादूगाराने रिकाम्या ग्लासातून जिवंत गोल्डफिश काढून तिला भेट दिला. आम्ही त्याला काचेच्या बरणीत ठेवले, पण तो दोन दिवसांत मेला. आमचे काय चुकले?

उत्तर : चूक प्रथम देणाऱ्याची आहे, घरी टाकी आहे का, हे न विचारता जिवंत प्राणी मुलाच्या हाती देऊ नये. नेमके कारण पाहिल्यावाचून सांगता येणार नाही, पण दोन गोष्टींचा संशय येतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशाचे कल्ले जाळते, आणि बरणीतील थोड्या पाण्यात त्याच्याच मलमूत्रातून निघणारा अमोनिया झपाट्याने साचतो. पुन्हा कधी अशी भेट आली, तर पाणी मोठ्या तोंडाच्या बादलीत दिवसभर उघडे ठेवून मगच वापरावे, आणि पहिल्या दिवशी माशाला खाऊ घालू नये. मुलीने विचारल्यास मासा मेला, असे सरळ सांगावे. जादूने नाहीसा झाला, असे सांगू नये.