वाचकांचे प्रश्न: परदेशातल्या समुद्रकाठी दोन-तीन महिने राहायचं तर गाव कसं निवडावं?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त आहोत, वय ६३ आणि ६७. जून ते ऑगस्ट परदेशात एखाद्या समुद्रकाठच्या गावी राहायचा विचार आहे. थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका आणि मॉरिशस अशी यादी केली आहे. सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

देशापासून नको, महिन्यांपासून करा. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर पावसाचे महिने वेगवेगळे असतात, आणि फसगत होते ती इथेच. श्रीलंकेत गॉल, मिरिसा हा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्चमध्ये चांगला. जूनमध्ये तिथे आपल्यासारखाच मोसमी पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो. त्याच जूनमध्ये पूर्वेकडच्या त्रिंकोमालीला ऊन आणि शांत पाणी मिळतं. थायलंडमध्ये फुकेतचा किनारा मे ते ऑक्टोबर पावसाळी असतो. व्हिएतनामच्या दा नांगला खरा पाऊस सप्टेंबरनंतर सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत जास्त पडतो. जून-जुलैत तिथला समुद्र सुरेख, पण दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास जातो. रोज दोन-तीन किलोमीटर चालायची सवय असेल तर हे उकाड्याचे दिवस जड जातील.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा. किनाऱ्यावर दिवसा साधारण २४ अंश, रात्री १७-१८. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे तुमच्या महिन्यांच्या बाहेर. तुमच्या यादीत या तीन महिन्यांसाठी मॉरिशस पहिलं.

गाव ठरल्यावर लगेच परवानगीचे दिवस मोजा. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो. मॉरिशसला भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही, मात्र परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. विमानतळावरच्या शिक्क्यात जेवढे दिवस लिहिले असतील तेवढेच तुमचे. मुदतवाढीचा अर्ज राजधानी पोर्ट लुईच्या इमिग्रेशन कार्यालयात करावा लागतो. म्हणून तीन महिन्यांचं घर परत न मिळणारे पैसे भरून आधीच घेऊ नका.

प्रश्न: मॉरिशस पक्कं केलं आहे. ग्राँ बे, फ्लिक-आँ-फ्लाक की माहेबूर? गाडी चालवायची नाही, घरी स्वयंपाक करायचा आहे. (ठाणे)

हिवाळ्यात तिथे आग्नेयेकडून वारा वाहतो. पूर्वेचा आणि आग्नेयेचा किनारा तो अंगावर घेतो, पश्चिमेचा किनारा डोंगरांच्या आडोशाला राहतो. माहेबूर हे आग्नेय किनाऱ्यावरचं जुनं, खरोखरीचं गाव. तिथला सोमवारचा बाजार मोठा, विमानतळ जवळ, भाडंही तुलनेनं कमी. पण जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी गॅलरीत बसणं वाऱ्यामुळे नकोसं होतं. उत्तरेकडच्या ग्राँ बेमध्ये दुकानं, खाणावळी, दवाखाने सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मात्र तिथली खाडी होड्यांनी भरलेली. पोहायला पेरेबेर किंवा त्रू-ओ-बीशला जावं लागतं.

गाडीशिवाय राहणाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरचं फ्लिक-आँ-फ्लाक घ्यावं, असं आमचं मत. लांब सपाट पुळण, मागे सुरूची झाडं, वारा कमी, पाऊसही कमी, आणि भाजी-किराणा पायी आणता येतो. इथे दोन अडचणी आहेत, त्या आधीच समजून घ्या. एक म्हणजे बस संध्याकाळी लवकर बंद होतात आणि जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पोर्ट लुईची कामं सकाळी उरकायची. दुसरी म्हणजे मोठी खासगी रुग्णालयं बेटाच्या मध्यभागी, मोका आणि फ्लोरेआलला आहेत. हृदयाचा त्रास असेल तर रात्री येणारा टॅक्सीवाला पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवा.

पोहण्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बेटाभोवती प्रवाळांची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी उथळ आणि शांत. भिंतीत जिथे खिंड असते तिथून पाणी जोरानं बाहेर ओढलं जातं, तिकडे जाऊ नका. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ ही भिंतच नाही, त्यामुळे लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. ती जागा फक्त बघायची. तळाशी काटेरी समुद्री साळू असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो, म्हणून पाण्यात रबरी बूट घालूनच उतरा.

स्वयंपाकाचं सामान सहज मिळतं. डाळी, पीठ, मसाले सुपरमार्केटमध्ये असतात आणि हरभऱ्याची डाळ भरलेली दालपुरी रस्त्यावर मिळते. घरात शेगडी कोणती आहे ते मात्र आधी विचारा. इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही, खाली पोलादी बूड असलेला न्यावा लागतो. भिंतीतले प्लग बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे, ॲडॉप्टर इथूनच घ्या. ताजी फळं, बियाणं, रोपं, कढीपत्त्याच्या जुड्या बॅगेत घालू नका. शेतीच्या रोगराईबद्दल तिथली तपासणी कडक आहे.

मुक्काम सप्टेंबरपर्यंत लांबला तर गणपती तिथेच करा. १९व्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आहेत, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. रोजचं बोलणं मात्र क्रेओल या फ्रेंचवरून आलेल्या स्थानिक भाषेत. इंग्रजीनं काम भागतं.

प्रश्न: फोटो बघून घर घ्यायची भीती वाटते. काय तपासावं? (कोल्हापूर)

आधी पाच-सात रात्रींसाठी साधं गेस्टहाउस घ्या आणि महिन्याचं घर तिथे जाऊन बघूनच ठरवा. वेळ नसेल तर घरमालकाकडून न थांबता काढलेला व्हिडिओ मागा: रस्त्यापासून दारापर्यंत, जिना, बाथरूमची पायरी, नळ सोडून पाण्याचा जोर. ‘समुद्रापासून पाच मिनिटं’ हे अनेकदा गाडीनं असतं. नकाशावर पायी अंतर स्वतः मोजा, मध्ये पदपथ आहे का ते उपग्रह चित्रात पाहा. रात्री दहाला गॅलरीतून आवाज कसा येतो हे विचारायला लाजू नका. शेजारी बार असेल तर सगळा मुक्काम वाया जातो.

वीज भाड्यात धरली आहे की वेगळी? वेगळी असेल तर युनिटचा दर लिहून घ्या आणि पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढून मालकाला पाठवा. अनामत कधी, कशी परत मिळणार हेही लेखी हवं. बुकिंगच्या संकेतस्थळांवर मासिक सवलत बहुधा २८ रात्रींपासून लागते. २५ रात्री राहणार असाल तर २८ची किंमत घालून बघा, कधी कधी ती कमी निघते.

प्रश्न: पेन्शन, बँक, औषधं यांचं काय? (सोलापूर)

सगळ्यात जास्त अडतं ते ओटीपीवर. भारतातलं सिम चालू ठेवा, निघण्याआधी इथेच रोमिंग सुरू करून घ्या, त्यावरचा डेटा बंद ठेवा आणि इंटरनेटसाठी दुसऱ्या खाचेत स्थानिक सिम घाला. कार्डावरचे परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करा. दुकानदारानं ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारलं तर स्थानिक चलनच सांगा. रुपये म्हटलं की दर महाग लागतो. मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय सुरू झालं आहे, पण सगळ्या दुकानांत नाही, म्हणून कार्ड आणि थोडी रोकड लागतेच.

नोव्हेंबर परदेशात जाणार असेल तर हयातीच्या दाखल्याची सोय करून निघा. ८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, आणि ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन दाखल्याच्या सेवेत मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. ती घरीच एकदा करून बघा.

औषधं मूळ पाकिटांत, हातातल्या बॅगेत, आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक यांना अनेक देशांत आधी परवानगी लागते. तिकीट काढण्यापूर्वीच दूतावासाकडे विचारा. विम्यात मधुमेह-रक्तदाब हे आधीचे आजार धरले आहेत का आणि ६० वर्षांवरच्यांसाठी खोली, शस्त्रक्रिया यांच्या वेगळ्या मर्यादा आहेत का, तेवढं तरी वाचा. मुदत संपल्यावर विमा वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न: पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ९० दिवस राहून, चार दिवस बाहेर जाऊन परत आलं तर नवे ९० दिवस मिळतात का? (पुणे)

नाही. पोर्तुगाल शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. या सगळ्या देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरतात. १० एप्रिलला गेलात तर ८ जुलै हा नव्वदावा दिवस, आणि पुन्हा पाय ठेवता येतो तो ७ ऑक्टोबरला. व्हिसावर याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेच खरे. मधले दिवस क्रोएशियात काढायचा जुना सल्ला आता चालत नाही, कारण १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे. ॲड्रियाटिक समुद्रच हवा असेल तर माँटेनेग्रो आणि अल्बानिया अजून त्या मोजणीबाहेर आहेत. दोन्हींचे प्रवेशाचे नियम वेगळे, ते स्वतंत्रपणे तपासा.