दिवा बदलण्याआधी फोटोडायोडची काच बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की पावसाळा लागल्यापासून सिंगल बीम स्पेक्ट्रोफोटोमीटरचा (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्राचा) शून्य रोज सकाळी सरकतो, १२ व्होल्टचे हॅलोजन दिवे लागोपाठ जातात आणि आता सर्व्हिसवाले मेन बोर्ड बदला म्हणतात. हे सगळं आम्ही भोगलंय. बोर्डाच्या कोटेशनवर सही करू नका.

तुमचं मॉडेल मला माहीत नाही. दिव्याशेजारी प्रकाश मोजणारा फोटोडायोड आहे असं धरून लिहितोय. तो नसेल, नुसता स्थिर व्होल्टेजचा सप्लाय असेल, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

दिव्याचा प्रकाश स्थिर ठेवणाऱ्या सर्किटला दिवा दिसत नाही, दिसतो फक्त फोटोडायोडचा करंट. तो कमी झाला की सर्किट दिव्याचं व्होल्टेज वाढवतं. मग दिवा जुना झालेला असो, काचेवर बुरशी असो, नाहीतर नवा दिवा तिरका बसलेला असो. आणि ५ टक्के जास्त व्होल्टेजवर दिव्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. तुमचे दिवे असेच जात असणार.

म्हणून दिव्याच्या पिनांवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज रोज लिहून ठेवा, शेजारी ब्लँकचा, म्हणजे नमुना न घातलेल्या नुसत्या द्रावणाचा, टक्के ट्रान्समिटन्सही, म्हणजे त्यातून किती प्रकाश पार जातो तेही (मधे शून्य जुळवणारं ऑटोझीरो न दाबता). व्होल्टेज चढतंय आणि ब्लँक जागेवर आहे, तर दिवा म्हातारा होतोय आणि सर्किट आपलं काम करतंय. दोन्ही चढताहेत, तर घाण किंवा गळती फोटोडायोडच्या बाजूला. व्होल्टेज स्थिर आणि ब्लँक उतरतोय, तर घाण सॅम्पलच्या वाटेवर. सर्किट जिवंत आहे का हे बघायला फोटोडायोडसमोर क्षणभर काळं कार्ड धरा: व्होल्टेज मर्यादेपर्यंत उडालं पाहिजे. टॉर्च मारला तर दिवा मंदावला पाहिजे. दोन्ही झालं तर बोर्डाचा हा भाग ठणठणीत आहे.

इथे राग येतो तो याचा. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) आमच्याकडे दिव्यामागून दिवे बदलले, मग सप्लाय बदलला, मग बोर्डाचं कोटेशन पाठवलं. काच कोणी पुसली नाही. वर प्रीसेट (प्रकाशाची पातळी ठरवणारा बोर्डावरचा छोटा स्क्रू) फिरवून आकडा जुळवून दिला, हे सगळ्यात वाईट! काच घाण असताना प्रीसेट फिरवलं की मूळ सेटिंग हरवतं, आणि नंतर काच साफ झाली तरी प्रकाश चुकीच्या पातळीवर अडकून राहतो. प्रीसेटला हात लावायचाच तर अगदी शेवटी, आधीच्या जागेवर मार्करची खूण करून.

सकाळचं सरकणं मात्र बुरशीचं नाही, ती इतक्या झटपट वाढत नाही. तिथे संशय ओलाव्याचा. फोटोडायोडच्या ॲम्प्लिफायरवर १ मेगोहमचा रेझिस्टर असेल आणि दमट हवेत सोल्डरिंगच्या जुन्या फ्लक्सच्या थरातून त्याला समांतर २० मेगोहमची गळती झाली, तर गेन (ॲम्प्लिफायर सिग्नल किती पट वाढवतो तो) सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. सर्किट तेवढा प्रकाश वाढवतं. मग यंत्र तापून बोर्ड सुकतो, गळती जाते, प्रकाश खाली येतो. शोषणांकात (ॲब्सॉर्बन्समध्ये) हा फरक सुमारे ०.०२ भरतो. उपाय स्वस्त आहे: यंत्र बंद, प्लग काढलेला, तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, ६० अंशांवर दोनेक तास सुकवा. काच लेन्स पेपरने, अल्कोहोल अगदी थोडं. वॉरंटी चालू असेल तर सील तोडू नका, सर्व्हिसवाल्यांकडून लेखी मागून करून घ्या.

फोटोडायोड खरंच मेला असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हाताला लागेल तो उचलू नका. हॅलोजनचा बहुतेक प्रकाश अवरक्त असतो. साधा सिलिकॉन डायोड तोच धरून बसतो आणि तुम्ही मोजताय ४२० नॅनोमीटरवर, तिथला प्रकाश हलत राहतो. बीपीडब्ल्यू२१ सारखा, फिल्टर असलेला, धातूच्या सीलबंद डबीतला घ्या. आपल्या हवेत तोच टिकतो. मूळ डायोडपेक्षा करंट वेगळा येईल, त्यामुळे रेझिस्टर बदलावा लागेल. नव्या डायोडनंतर दिवा हलकासा लुकलुकायला लागला तर इंटिग्रेटरचा (सर्किटचा वेग ठरवणाऱ्या भागाचा) कपॅसिटर वाढवून बघा, फिलामेंट सर्किटइतकं चपळ नसतं.

यंत्रात अतिनील प्रकाशाचा ड्युटेरियम दिवा असेल तर त्याच्या बाजूला यातला एकही प्रयोग करू नका. पेटताना तिथे काहीशे व्होल्ट असतात, आणि उघड्या अतिनील प्रकाशाने डोळे भाजतात.