ती तूट गावाला कळू द्या

ताई,
मी वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) राहतो. वय 67. आमच्या चर्चमधल्या संत अंतोनीच्या पेटीचे पैसे 16 वर्षं मी मोजतो. रविवारी पेटी उघडायची, पैसे घरी आणायचे, मोजून वहीत मांडायचे आणि महिनाअखेरीस 11 गरीब कुटुंबांना औषधपाण्यासाठी, मुलांच्या फीसाठी पोहोचवायचे. आधीच्या तीन फादरांनी वही कधी उघडूनही पाहिली नाही, इतका विश्वास. कधी कमी पडलं तर मी पेन्शनमधून भर घालतो, घरी बायकोलाही माहीत नाही. आता नवे फादर आलेत. पहिल्याच महिन्यात त्यांनी वेदीवरून जाहीर केलं, की यापुढे पैसे चर्चमध्येच तिघांनी मिळून मोजायचे आणि आकडा फलकावर लावायचा. माझ्या जोडीला कॉलेजातली दोन पोरं दिली आहेत. 16 वर्षांनी मी चोर ठरलो. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये असं प्रभू सांगतो, आणि इथे फलक! सेवा सोडून द्यावी असं वाटतं. फादरांना काय सांगू?
– एक दुखावलेला सेवक

बंधू,
तुम्हाला चोर कुणी म्हटलेलं नाही. तो शब्द तुम्हीच काढलात. फादरांनी आधी तुमच्या घरी यायला हवं होतं, ओटीवर बसून दोन शब्द बोलायला हवे होते, एवढं मला मान्य. पण तेवढंच. तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच एका वाक्यापाशी मी अडकले आहे. कधी कमी पडलं तर पेन्शनमधून भर घालतो.

हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला मात्र तेच विचारायचं आहे. कधी म्हणजे किती वेळा? आणि किती? समजा पेटीत 4,200 रुपये निघाले आणि वाटायचे होते 6,000. वरचे 1,800 तुमचे. मग वहीत जमेला काय मांडलंत? 6,000 मांडले असतील तर वही खोटी आहे, बंधू. तुम्ही एक पैसा खाल्ला नाहीत, उलट पदरचे घातलेत, आणि तरी वही खोटी आहे. हे वाचून राग येईल तुम्हाला. येऊ दे.

कारण यात नुकसान झालं ते त्या 11 घरांचं आणि तुमच्या गावाचं. आपल्याकडच्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, रोज रात्री कुणी गुपचूप टँकर रिकामा करत असेल, तर बावखल आटत चाललंय हे वाडीतल्या माणसांना कळणार कसं? तुमच्या गावाला 16 वर्षं वाटत राहिलं की पेटी पुरते. माणसं संत अंतोनीपाशी मेणबत्ती लावून, दहाची नोट सरकवून घरी गेली. ज्यांच्या घरी त्या वर्षी लग्न निघालं, जमिनीचे पैसे आले, मुलगा आखातातून परतला, त्यांच्यापैकी एकानं तरी जास्त दिलं असतं की! पण कमी पडतंय हे त्यांच्या कानावरच आलं नाही. त्यांची द्यायची संधी तुम्ही हिरावून घेतलीत. उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात, तर पेटीत 4,200च निघणार, त्यात दोन-तीन घरांचं औषध बंद होणार, आणि का बंद झालं हे एकालाही सांगता येणार नाही.

माझे वडील पानवेलीचे बागायतदार. एका वर्षी गावच्या सणाचा हिशोब त्यांच्याकडे होता. सण झाला आणि 37 रुपये काही केल्या लागेनात. त्या काळी 37 रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हते. हिशोब सांगायच्या आदल्या रात्री कंदिलाशी बसून त्यांनी तीनदा बेरीज केली. आई म्हणाली, घाला आपले आणि मोकळे व्हा, चारचौघांत शोभा कशाला? वडील म्हणाले, मी घातले तर चूक कायमची बुजेल. सकाळी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) झाल्यावर ते कागद घेऊन उभे राहिले आणि सांगितलं, 37 रुपये लागत नाहीत. मी पुढच्या बाकावर होते, त्यांच्या हातातला कागद थरथरत होता. मागून एक जण म्हणाला, गॅसबत्त्यांचं भाडं मांडलंत का? ते 25 राहिले होते. मग एका म्हातारीला आठवलं, बँडवाल्यांच्या चहापावाचे 12 तिच्या समोर दिले होते. हिशोब लागला. मला तो दिवस आठवतो तो वडिलांच्या प्रामाणिकपणासाठी नाही. गावानं मिळून वही पुरी केली, म्हणून आठवतो.

आता डाव्या हाताचं. ते वचन तुमच्या स्वतःच्या दानाबद्दल आहे. तुमच्या खिशातलं तुम्ही द्या आणि गप्प राहा, फार सुंदर. पेटीतलं धन मात्र तुमचं नव्हे. ते कुणा पानवालीचं आहे, रिक्षावाल्याचं आहे, नवस फेडणाऱ्या सुनेचं आहे. त्याचे तुम्ही कारभारी. स्वतःचं दान गुप्त आणि दुसऱ्याच्या दानाचा हिशोब उघड, हे दोन तुम्ही एकाच पाकिटात घातलेत, आणि सगळा घोळ तिथूनच झाला. मार्कच्या शुभवर्तमानात एका गरीब विधवेनं दोन नाणी टाकली तेव्हा येशू दानपेटीच्या समोरच बसला होता, लोक पैसे कसे टाकतात ते बघत.

आणि संत पौलाकडे पाहा. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्यानं गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. पौलावर कुणाचा अविश्वास असणार? तरी त्यानं ते पैसे एकट्याच्या हाती ठेवले नाहीत. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढा. आपला सहकारी तीत याच्याबरोबर तो आणखी बंधूंना पाठवतो, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. कारणही तिथेच देतो, की एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत कुणी बोट ठेवू नये, आणि आपलं वागणं प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या नजरेतही चोख असावं. ज्या गोष्टीला तुम्ही अपमान म्हणता, ती पौलानं स्वतःहून मागून घेतली.

नव्या फादरांच्या मनात आलं म्हणून हे चाललेलं नाही. 1983 च्या कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती सक्तीची आहे (कलम 537), आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशोब भाविकांपुढे ठेवायचा असंही सांगितलंय (कलम 1287). वही न उघडणारे आधीचे तीन फादर तुम्हाला मान देत नव्हते, बंधू. तुम्हाला एकटं टाकत होते.

त्या पोरांना ‘पोरं’ म्हणून झटकू नका. 1833 साली पॅरिसमध्ये संत विन्सेंट दी पॉल संस्था उभी करणाऱ्यांतला फ्रेडरिक ओझानाम 20 वर्षांचा विद्यार्थी होता. त्या संस्थेचे सभासद गरिबाच्या दारी जोडीनं जातात, तीच त्यांची रीत. तुमच्या 11 घरांचे जिने, त्यांची दुखणी, कोणत्या घरात पैसे नवऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत, हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात आहे. ते कुणाला देणार आहात?

सेवा सोडायची नाही. फादरांना काय सांगू विचारता, तर त्यांना आकडा सांगा. आज रात्री जेवणं झाली की पेन्शनचं पासबुक आणि ती वही घेऊन बायकोजवळ बसा. 16 वर्षांचं सगळं आठवणार नाही. आठवेल तेवढं काढा. तिला पासबुक वाचू द्या, तुम्ही लिहा. ती रागावेल, आणि तिचा राग खरा असेल, तो ऐकून घ्या. तुमच्या खिशातून गेलेला प्रत्येक रुपया वहीत वेगळ्या ओळीत मांडा: पेटीत निघाले इतके, तूट इतकी. रविवारी ती वही त्या दोन मुलांसमोर उघडा, फादरांनाही बोलवा, आणि यंदापासूनची खरी तूट फलकावर लावायला सांगा. तुमचं नाव लिहायची गरज नाही. तूट लिहायची आहे.

पहिल्या रविवारी पैसे मोजताना हात थरथरेल. मुलांपैकी एकाला नोटा लावायला सांगा आणि तुम्ही नाणी घ्या.