पावसाळ्यात सीनियर केजीच्या मुलांना एखादं झाड दाखवून त्याचं चित्र काढून घ्यायचं आहे. कोणतं झाड घ्यावं आणि कसं करून घ्यावं?

तेरडा घ्या. श्रावण-भाद्रपदात पुण्यात दुसरं काही शोधत बसू नका. टेकड्यांवर तो असतोच, गौरींच्या आधी मंडईत त्याच्या जुड्या येतात, आणि कुंडीत बी टाकलं तरी उगवतो. मात्र जुडी नको, मुळासकट रोप हवं.

मी अकरा वर्षं बालवाडीत शिकवलं. एका वर्षी घरची तेरड्याची कुंडी वर्गात नेऊन बुटक्या टेबलावर ठेवली. दोन दिवस कागद दिलाच नाही. नुसतं बघा, बोट लावा. पहिल्याच दिवशी एकाने पिकलेलं बोंड दाबलं. ते फट्‌कन फुटलं, बिया शेजारणीच्या केसांत, आणि साल त्याच्या बोटावर अळीसारखी गुंडाळली. "बाई, हे जिवंत आहे!" मग तासभर दुसरं काही झालं नाही, होऊही नये. दुसऱ्या दिवशी एक फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवली. तेरड्याचा दांडा पाणीदार असतो, त्यामुळे रंग वर चढताना बाहेरूनच दिसतो.

तिसऱ्या दिवशी तेली खडू दिले. एका मुलीने फूल बाजूने काढलं आणि मागे एक बारीक, वाकडी शेपटी काढली. मी कुंडीपाशी जाऊन पाहिलं, तर खरंच प्रत्येक फुलाला शेपटी! मध तिथेच असतो. इतकी वर्षं गौरीला तेरडा आणला, पण ही शेपटी मला त्या पाच वर्षांच्या मुलीने दाखवली.

आमच्या मोठ्या बाईंनी फळ्यावर लावलेलं ते चित्र हटवायला लावलं. "फुलाला शेपटी असते का कुठे? पालक काय म्हणतील?" त्याऐवजी पाच गोल पाकळ्यांच्या छापील फुलाच्या झेरॉक्स वाटल्या. मी भांडले, पण चाललं नाही. झेरॉक्स रंगवणं म्हणजे चित्रकला नव्हे आणि निरीक्षण तर नव्हेच, हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. तुमच्याकडे कुणी छापील कागद पुढे केले तर सरळ नाही म्हणा. मुलाला चित्र "नीट" करून देऊ नका, पान हिरवंच हवं म्हणू नका. चित्राखाली मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा.

हो, मुलं फूल तोंडात घालणार नाहीत इकडे लक्ष ठेवा, नंतर हात धुवून घ्या, आधी पानांमागे अळी आहे का बघा. टेकडीवरचं रोप उपटू नका. वर्गात चाळीस मुलं असतील तर एका कुंडीवर भागणार नाही, चार तरी लागतील. आणि गणपतीच्या सुट्टीआधीच उरका, नंतर रोपं सुकायला लागतात.

ते शेपटीचं चित्र माझ्याकडे फाइलमध्ये आहे. खाली तिचं वाक्य आहे: "हे फूल मागून पण आहे."