नवीन घरात परवान्याची बंदूक ठेवायला तिजोरी कशी निवडावी? (कोल्हापूर)

तुमच्या प्रश्नातून मला जे समजलं ते असं: नागाळा पार्कात घराचं काम चालू आहे, तळमजल्यावरचा स्लॅब, म्हणजे वरच्या मजल्याची जमीन, अजून पडायचा आहे. वडिलांकडे शेतराखणीच्या परवान्यावरची बाराबोअर दुनळी आहे, मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते आणि तिच्या पाठचा मुलगा अजून लहान आहे. कोणत्या कंपनीची तिजोरी घ्यावी आणि पत्रा किती जाड असावा, असं तुम्ही विचारलंय. माझं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि आमच्या आबांचीही बंदूक घरात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्लॅब पडायचा आहे, ही तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. १५ बाय १८ इंचाचं, पाच फूट उंचीचं आणि ३ मिलिमीटर पत्र्याचं कपाट धरा. नुसता पत्रा सत्तर किलोच्या आसपास भरतो, कुलूप, दांडे आणि चौकट धरून नव्वद. एवढं वजन दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात. घर दोन दिवस बंद असलं की चोराला तिजोरी फोडायची गरजच नाही, तो अख्खी घेऊन जातो. त्यामुळे तिजोरी जमिनीला कशी बांधली आहे, हे ती किती जाड आहे याच्या आधी बघायचं. तयार घरात फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून दोन इंच सहज जातात. बाजारातला आखूड अँकर, म्हणजे भोकात ठोकून बसवायचा बोल्ट, त्या मसाल्यातच अडकून राहतो, स्लॅबला धरतच नाही. शिवाय भोक पाडताना सळी किंवा लाईटची पाइप लागायची भीती असते. तुम्ही मात्र स्लॅब ओतायच्या आधी १० मिलिमीटरची एक प्लेट, मागे सळीचे हूक वेल्ड करून, सळईच्या जाळीत बांधून ठेवू शकता. आर्किटेक्टला ‘इन्सर्ट प्लेट’ म्हटलं की कळेल. पुढे फरशी बसताना तेवढी जागा मोकळी ठेवा आणि तिजोरी थेट त्या प्लेटला बोल्टने आवळा. बोल्टची डोकी तिजोरीच्या आत यायला हवीत. जागा भिंतीच्या किंवा बीमच्या जवळची घ्या, खोलीच्या मधोमध नको.

तळमजल्यावर ठेवू नका. तुमच्या गल्लीत २०१९ आणि २०२१ ला पाणी आलं होतं असं तुम्हीच लिहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. महापुरात घर सोडायची वेळ येते तेव्हा माणसं आधी निघतात, बंदूक मागे राहते. वरच्या मजल्यावर, आतल्या खोलीत, जिन्यावरून किंवा खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात तिजोरी असली की ती काळजी मिटते.

आता माप. तीस इंची नळीची दुनळी दस्त्यासकट ४७ इंचांच्या आसपास भरते. तुमची नीट मोजा आणि आतली उंची तिच्यापेक्षा चार-पाच इंच जास्त धरा. घरगुती लॉकर म्हणून जे विकतात त्यात ती मावणार नाही. दुनळी मोडून नळी आणि दस्ता वेगळे करता येतात, त्यामुळे कमी उंचीची तिजोरीही चालते, आणि सुटी ठेवलेली बंदूक जास्त सुरक्षित. फक्त मोडताना-जोडताना वडिलांच्या हाताला त्रास होत नाही ना, हे बघा. सांधे दुखायला लागले की माणूस ते काम टाळतो आणि बंदूक दाराआड उभी राहते.

पत्र्याचा गेज ऐकताना एक ध्यानात ठेवा, आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ. कपड्यांच्या कपाटाला २० किंवा २२ गेज वापरतात, तो पत्रा मिलिमीटरभरही नसतो, साध्या पहारीने उचकटतो. बंदुकीच्या कपाटाला निदान १२ गेज, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या थोडा वर, आणि दाराला त्याहून जाड. माझा कल तीन मिलिमीटरचं अंग आणि पाच-सहाचं दार याकडे आहे. दाराची चौकट नीट बघा. बिजागरी बाहेरून दिसत असेल तर ती कापल्यावरही दार निघता कामा नये. त्यासाठी बिजागरीच्या बाजूने आत एक ठाम पट्टी लागते, ती चौकटीत अडकते. वर्कशॉपमधून करून घेणार असाल तर ही पट्टी आवर्जून मागा. तयार तिजोरी घेताना दार उघडून, कुलपाचे दांडे बाहेर काढून, पट्टी आहे का ते बोटाने चाचपून बघा. आगीपासून वाचवणारी तिजोरी घेण्याचा माझा आग्रह नाही. तिच्या अस्तरात पाण्याचा अंश असतो आणि आपल्या हवेत आतला दमटपणा त्यामुळे वाढतो.

आणि दमटपणा हा इथला खरा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर लोखंड कसं चिकट होतं ते मी रोज बघतो, आणि तुमचं तर घरही नवं. ताज्या प्लास्टरमधलं आणि काँक्रीटमधलं पाणी कित्येक महिने बाहेर पडत राहतं. तिजोरी भिंतीला टेकवू नका, तीन-चार बोटांचं अंतर ठेवा. आत कातडी किंवा कापडी खोळ नको, ती ओल धरते आणि नळीला चिकटून राहते. नळीवर तेलाचा पातळ हात द्या. सिलिका जेलची नारंगी खडी ठेवा, ओल प्यायली की ती हिरवी होते, मग बाहेर काढून गरम करून पुन्हा वापरायची. खंडेनवमीला शस्त्रं पूजेला मांडली की हळद-कुंकू, फुलांचा ओलावा आणि आल्यागेल्यांच्या हातांचा घाम नळीवर राहतो. त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेल लावल्याशिवाय बंदूक आत ठेवू नका. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर बघू म्हटलं की गंज बसलाच समजा.

काडतुसांना वेगळा कप्पा आणि वेगळं कुलूप. पितळी बुडाला ओल लागली की हिरवट थर चढतो, म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. परवान्याच्या अर्जातही शस्त्र ठेवायला सुरक्षित जागा आहे का हे विचारलेलं असतं, तेव्हा ही व्यवस्था नुसती हौस म्हणून करायची नाही.

कुलपाबद्दल मी ठाम आहे: चांगलं लिव्हर लॉक, म्हणजे आत पट्ट्या असलेलं किल्लीचं कुलूप, किंवा आकड्यांचं डायल. बोटाच्या ठशाचं नको. आयुष्यभर खुरपं-कुदळ धरलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, रेशनच्या मशीनवर आबांचा अंगठा कितीदा तरी उमटत नाही. बटणांचं कुलूप घेतलंत तर सेल दरवर्षी पावसाळ्याच्या आधी बदला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती किल्ली. मुलांना किल्लीची जागा माहीत नसते हा समज सोडून द्या. देवघरातली समई, कपाटावरची पिशवी, गादीखालचा कोपरा, सगळं त्यांना माहीत असतं. ती दिवसभर घरात असतात, आपण नसतो. आबा किल्ली करगोट्याला बांधतात, आंघोळीलाही सोडत नाहीत. तुमच्याकडेही ती परवानाधारकाच्या अंगावरच हवी, म्हणजे वडिलांच्या, तुमच्याही नाही. दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये. वडील दोन-तीन महिन्यांसाठी परगावी जाणार असतील तर बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. घरात कोणी खचलेलं असेल, वाटणीवरून भांडण पेटलं असेल, कुणाचं पिणं वाढलं असेल, तरीही जमाच करा. ही काळजी चोराच्या काळजीपेक्षा मोठी आहे आणि ती कोणतीही तिजोरी मिटवत नाही. वडिलांना हे सांगणं तुम्हाला जड जाईल, तरी सांगा.

म्हणूनच मुलीची रायफल त्या तिजोरीत ठेवू नका. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात तुमची मुलगी मनापासून खेळतेय, तिला रोज सरावाला रायफल काढावी लागणार. तिजोरी एकच असली तर आजोबांच्या बंदुकीची किल्ली रोज तिच्या हातात जाईल. तिच्यासाठी वेगळं, चार फुटी, कुलपाचं कपाट करा. त्या रायफलीला परवाना लागत नसला तरी छर्रा डोळा फोडू शकतो आणि धाकटा भाऊ घरातच आहे. तिच्या रायफलीच्या हवेच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारचा दाब असतो, तो उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका. सिलिंडरवर मुदतीची तारीख असते, तीही बघून ठेवा.

घर बदलल्यावर परवान्यावरचा पत्ता बदलायला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागेल, तिजोरी बसली की लगेच करा. वडिलांनी सत्तरी गाठली असेल किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ती वारसाच्या नावावर करण्यासाठीही अर्ज करता येतो, त्याची चौकशी त्याच फेरीत होईल. परवान्याची, खरेदीच्या पावतीची आणि बंदुकीवरच्या नंबराची एक प्रत तिजोरीच्या बाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा. निवडणुकीत बंदूक जमा करताना आणि देव न करो, चोरी झालीच तर ठाण्यात पहिल्यांदा तोच नंबर विचारतात.